सावंतवाडीचं नव्हे, जायफळाचं बांदा

शुक्रवार, अंबोन

घरी 'बांद्याला चाललेय' म्हटलं, तर आत्या सहज म्हणाली, "मग पुढे गोव्याला उतरशील ना?" तर ते बांदा वेगळं. हे बांदा इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात, चहूकडे खोल समुद्र अशा जागी. दहा-अकरा चिमुकली बेटं, त्यातल्या मोजक्यांवरच वस्ती. मुंबईहून जकार्ता, तिथून रात्रीच्या विमानाने अंबोन आणि अंबोनहून पुढे जहाज. जकार्ता ते अंबोन एवढ्यालाच साडेतीन तास लागतात, त्यामुळे इंडोनेशिया म्हणजे बाली हे डोक्यातून काढून टाकूनच निघावं. घड्याळही भारताच्या साडेतीन तास पुढे.

जायचं कारण जायफळ. दापोलीला मामाच्या वाडीत माडा-पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडं आहेत. आपण श्रीखंडावर किसतो, पुरणात घालतो, बाळाला सहाणेवर उगाळून चाटवतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगात जेवढं म्हणून जायफळ होतं ते सगळं या एवढ्याशा बेटांवरून यायचं. कॉलेजात हे वाचल्यापासून तिथे जायचं डोक्यात होतं. सोबत कोणी मिळेना. दहा तासांचं जहाज, वीज येईल तेव्हा येईल, परतीची बोट समुद्राच्या मर्जीवर, एवढं ऐकल्यावर लोक 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. म्हणून एकटी निघाले.

अंबोनमध्ये कामं दोनच होती. एक, एटीएममधून रोख काढणं. बांद्यात यंत्र आहे, पण त्यात पैसे असतीलच याची खात्री कोणी देत नाही. गड्डी मोजताना एक हजार रुपियाच्या नोटेवर चक्क बांदा नेराचं चित्र दिसलं, म्हणजे ठिकाणाशी आधी नोटेवरच गाठ पडली. दुसरं काम जहाजाचं तिकीट. तुलेहू बंदरातून जलद बोट निघते, ती सहा तासांत पोचवते, पण समुद्र खवळला की बंद. 'पेल्नी' या सरकारी कंपनीची मोठी जहाजं कुठल्याही हवेत निघतात, मात्र त्यांचं वेळापत्रक महिन्याचं असतं आणि त्यात आपल्या सोयीचा दिवस निघावा लागतो. माझा निघाला.

मधल्या वेळात नात्सेपाच्या किनाऱ्यावर रुजाक खाल्लं. कच्च्या फळांच्या फोडी आणि त्यावर गूळ, मिरची आणि जाडसर वाटलेले शेंगदाणे यांचं दाट वाटण. विकणारी बाई दगडी पाट्यावर ते तिथेच वाटून देते. पाटा आपल्यासारखा चौकोनी नाही, पसरट आणि गोल आहे. हाताची लय मात्र थेट आपलीच.

रात्री जहाज. सर्वात स्वस्त वर्ग म्हणजे लांबच लांब दालनात फळ्यांच्या रांगा आणि त्यावर रेक्झिनच्या गाद्या. फळीखाली कोंबडे, तांदळाची पोती, एका कुटुंबाचं नवंकोरं वॉशिंग मशीन. शेजारच्या काकूंनी मी कुठली ते विचारलं. 'इंडिया' म्हटल्यावर त्यांच्या लेकीने लगेच शाहरुख खानचं नाव घेऊन दोन्ही हात पसरले. पुढचा प्रश्न ठरलेलाच: एकटीच? नवरा कुठे? नवरा नाही म्हटल्यावर काकूंनी डब्यातला भात आणि तळलेला मासा माझ्यापुढे सरकवला. हे उत्तर पुढे सगळ्या बेटांवर कामी आलं.

नमाजाच्या वेळी कर्ण्यावरून घोषणा होते आणि त्यात किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, या घडीला जहाजाच्या कुठल्या बाजूला आहे तेही सांगतात. वाट वळली की दिशा बदलते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवार, बांदा नेरा

पहाटे सगळं जहाज डेकवर आलं. पुढे गुनुंग अपी, म्हणजे समुद्रातून सरळ वर उठलेला, साडेसहाशे मीटरच्या आसपासचा ज्वालामुखी. त्याच्या पायाशी अरुंद खाडी, पलीकडे नेरा हे मुख्य बेट, आणि एवढं मोठं जहाज त्या फटीतून अलगद आत शिरतं. धक्क्यावर अख्खं गाव लोटलेलं. कोणी माणसं घ्यायला आलेलं, कोणी पोती, कोणी नुसतंच बघायला. अर्ध्या तासात जहाज पुढे काई बेटांकडे निघून गेलं आणि धक्का रिकामा झाला.

उतरले ते घर मशिदीमागच्या गल्लीत होतं. मालकीणबाईंना सगळे 'इबू' म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. न्याहारीला जाड घावनासारखं काहीतरी आणि वर जायफळाचा मुरंबा. मुरंबा बियांचा नाही, फळाच्या गराचा. आंबट-गोड, मागून हलकीशी मिरमिर. मी बरणी संपवायला घेतली तेव्हा इबूने न बोलता दुसरी आणून ठेवली.

गाव चालत तासाभरात पालथं होतं. रुंद रस्ते, खांबांच्या पडव्या असलेली जुनी डच घरं, काहींचं छप्पर गेलेलं आणि आत अंजिराच्या जातीचं झाड वाढलेलं. माथ्यावर फोर्ट बेल्जिका. पाच कोनी किल्ला, १६११चा. त्याच्या बुरुजावर लोखंडी शिडीने चढलं की समोर ज्वालामुखी, खाली खाडी आणि खाडीपलीकडे बांदा बेसार हे लांबट, हिरवं बेट, असं सगळं एका नजरेत मावतं. आपले किल्ले डोंगराच्या आधाराने वळणं घेत जातात. हा मात्र कागदावर पट्टीने आखून मग टेकडीवर आणून ठेवलाय. देखणा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ज्यासाठी बांधला ते मात्र देखणं नाही.

या गोष्टीची सुरुवात गोव्याशी जोडलेली आहे. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतलं, १५११मध्ये मलाक्का घेतलं आणि तिथून लगेच आंतोनियो द आब्रेऊच्या हाताखाली जहाजं मसाल्यांच्या बेटांच्या शोधात पाठवली. ती १५१२मध्ये बांद्याला पोचली. पोर्तुगिजांना इथे बस्तान बसवता आलं नाही. ते बसवलं डच ईस्ट इंडिया कंपनीने. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहिली असेल तर ती याच कंपनीची. ही कंपनी भारताच्या किनाऱ्यावर कापड घ्यायची आणि इकडे आणून त्यावर मसाला घ्यायची, कारण बांद्याच्या लोकांना युरोपातल्या मालात काही राम वाटत नसे. उष्ण कटिबंधातल्या माणसाला लोकरी कापड कोण विकणार!

रविवार, नेराच

आज पायांना आराम द्यायचं ठरवलं होतं, पण इथल्या संग्रहालयात गेल्यावर मनाला काही तो मिळाला नाही. एका भिंतीवर मोठं चित्र आहे: बांबूच्या कुंपणात बांधलेले लोक, हातात नंग्या तलवारी घेतलेले जपानी भाडोत्री सैनिक, आणि बाहेर रडणाऱ्या बायका-मुलं.

साल १६२१. डच गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून फौज घेऊन आला. जायफळ फक्त आम्हालाच विकायचं, आम्ही म्हणू त्या भावाने, हा करार डचांनी गावोगावच्या पुढाऱ्यांकडून करून घेतला होता. पण भात आणि कापड घेऊन येणाऱ्या जावाच्या किंवा इंग्रजांच्या जहाजाला माल देणं बेटकऱ्यांनी थांबवलं नाही; थांबवलं असतं तर खाणार काय? त्याआधी १६०९मध्ये बेटकऱ्यांनी एका डच अॅडमिरलला सापळ्यात पकडून मारलंही होतं. कूनने चाळीसहून अधिक पुढाऱ्यांची मुंडकी उडवली. बेटांवर अंदाजे १५,००० वस्ती होती, त्यातली हजारभरच उरली असं इतिहासकार मानतात. बाकीचे मारले गेले, डोंगरात उपासमारीने मेले, गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, नेले गेले किंवा होड्यांतून पळाले. पळालेल्यांपैकी काही काई बेटांवर पोचले. बांद्याची मूळ भाषा आज तिथल्या दोन गावांत बोलतात. बांद्यात ती कोणी बोलत नाही. माझं जहाज काल तिकडेच गेलं होतं.

रिकाम्या झालेल्या जमिनीचे कंपनीने ६८ तुकडे पाडले आणि आपल्याच माणसांना बागाईत म्हणून वाटले. राबायला गुलाम आणले: जावा, बुटोन, काई, आणि आपल्याकडच्या मलबार-कोरोमंडल किनाऱ्यावरूनही. आजचे बांदावासी त्या सगळ्यांच्या मिश्रणातून आलेले. बाजारातली एखादी मासेवाली हुबेहूब आपल्याकडची वाटते, ते उगीच नसावं.

गावात पारिगी रांते नावाची जागा आहे, तिथे मारलेल्या पुढाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. शेजारी पोरं बॅडमिंटन खेळत होती, फूल उडून चौथऱ्यावर पडलं तर घेऊन परत खेळायला. कूनचा पुतळा त्याच्या जन्मगावी, नेदरलँड्समधल्या होर्नमध्ये, अजून उभा आहे.

दुपारी हत्तांच्या घरी. मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर या स्वातंत्र्यलढ्यातल्या दोघांना डचांनी १९३६मध्ये इथे हद्दपार केलं होतं, ते १९४२पर्यंत इथेच होते. आपल्याकडे काळ्या पाण्याच्या कोठड्या पाहिलेल्या डोळ्यांना ही शिक्षा सौम्य वाटते: ऐसपैस घर, पडवी, लिहायचं टेबल, टंकलेखन यंत्र. मागच्या अंगणात बाक आणि फळा, तिथे हत्ता गावातल्या मुलांना शिकवायचे. स्वतंत्र इंडोनेशियाचे हत्ता पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि शाहरीर पहिले पंतप्रधान. सांगतात की १९४२च्या सुरुवातीला जपानी जवळ आले, दोघांना न्यायला पाण्यावर उतरणारं विमान आलं, त्यात जागा कमी. शाहरीर म्हणाले, सांभाळलेली लहान मुलं बरोबर येणार. हत्तांच्या पुस्तकांच्या १६ पेट्या मागे राहिल्या. पुस्तकं गोळा करणाऱ्या माणसाला यातली कळ समजेल.

पुढे १९४७च्या जुलैमध्ये डचांनी जावाला वेढलेलं असताना बिजू पटनाईक स्वतः डाकोटा विमान घेऊन गेले आणि शाहरीरना तिथून काढून भारतात घेऊन आले. हे मी घराची राखण करणाऱ्या काकांना सांगू गेले, तर त्यांनी मला थांबवून पुढची हकिकत स्वतःच सांगितली.

सोमवार, बांदा बेसार

खाडीपलीकडे जायला धक्क्यावरून होड्या सुटतात. माणसं जमली की निघतात, दहा मिनिटांत पलीकडे. लोन्थोर गाव चढावर आहे. दगडी पायऱ्या चढून गेलं की जुनी पवित्र विहीर लागते. ती काही वर्षांनी एकदा सारा गाव मिळून उपसून साफ करतो, तेव्हा बाहेरगावी गेलेले लोकही येतात. वर फोर्ट होलांडियाचे अवशेष. आणि मग बागा.

बाग म्हटल्यावर रांगा डोळ्यांपुढे येतात. इथे रांगा नाहीत. पहिल्यांदा दिसतात केनारीचे वृक्ष, जंगली बदामाच्या जातीचे. मुळांच्या फळ्या माझ्या छातीपर्यंत आणि शेंडा मान मोडली तरी दिसत नाही. त्यांच्या सावलीत जायफळाची झाडं, गर्द, चकचकीत पानांची, प्राजक्तापेक्षा बरीच उंच. वरून कुठून तरी भारदस्त घुमणं ऐकू येतं: हे मोठं रानकबुतर. ते जायपत्रीसकट बी अख्खं गिळतं, जायपत्री पचवतं आणि बी दूर नेऊन टाकतं. डचांनी बी बाहेर जाऊ नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून विकली, पण कबुतराला कोण चुना लावणार.

एका बागेत बापलेक फळं काढत होते. हातात लांब बांबू, टोकाला वेताची निमुळती टोपली आणि तिच्या तोंडाशी दोन दात. आंबे काढायच्या झेल्याचा हा सख्खा भाऊ. पिकलेलं फळ आपणहून उकलतं, फटीतून आतलं लाल दिसतं, तेवढंच काढायचं. लेक मान वर करून नुसती नजर फिरवायचा आणि बांबू अचूक त्याच फळापाशी जायचा. मला दिला तेव्हा दोन हिरवी फळं आली आणि डोक्यावर मुंग्या.

खाली चटईवर त्याची आई बसली होती. फळ जर्दाळूएवढं, पिवळट. बोटांनी दोन भाग करायचे, आत काळं-तपकिरी, लाखेसारखं चमकणारं कवच आणि त्यावर चिकटलेली लालभडक जाळी, तीच जायपत्री. डब्यातली जायपत्री वाळून बदामी-नारिंगी झालेली असते. ओली अशी कुंकवाच्या रंगाची असते हे मला वाडीतल्या झाडांमुळे माहीत होतं, पण इतक्या ढिगाने कधी पाहिली नव्हती. बाई अंगठ्याचं नख खालच्या बाजूने घालून जाळी न फाडता अख्खी सोलायची, मग दोन तळव्यांत दाबून चपटी करायची आणि सुपात मांडायची. अख्खीचा भाव वेगळा, तुकड्यांचा वेगळा. उरलेल्या बिया वेगळ्या सुकवतात. हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की फोडायच्या. गर बहुतेक तिथेच झाडाखाली टाकतात, थोडा मुरंब्याला आणि साखरेत मुरवायला जातो.

मी फोनवर मामाच्या वाडीचे फोटो दाखवले. बापाने ते मोठे करकरून पाहिले. पहिला प्रश्न: नर झाडं किती ठेवता? जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी, आणि कुठलं काय ते फुलं येईपर्यंत कळत नाही. त्यात सहा-सात वर्षं जातात आणि मग निम्मी नर निघतात, ती तोडायची. आमच्याकडे कलमं बांधतात, म्हणजे मादी झाडाची फांदी आणून, हे मी हातवाऱ्यांनी आणि फोनच्या भाषांतराने कसंबसं समजावलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जातीही काढल्यात, हेही सांगितलं. त्याला कलमाचं पटलं, जातींचं नाही. त्याचं म्हणणं झाड आपणहून उगवलेलंच खरं; कबुतराने टाकलेल्या बीचं सगळ्यात खरं.

संध्याकाळी मामाला बागेचे फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं: "अगं, सावली फार झाली ती. फळधारणा कमी असणार. त्यांना म्हणावं फांद्या छाटा." शेकडो वर्षं जगाचं जायफळ या सावलीत पिकलं, हे मी मामाला लिहिलं नाही. मामाशी झाडावरून वाद घालायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

जेवायला इबूने वांग्यावर केनारीचं वाटण घालून केलं होतं. वांगी तळलेली, वर बदामी दाट रस्सा. मासे न खाणाऱ्यांनी बांद्यात कसं निभावायचं, याचं उत्तर हे. खाणाऱ्यांना मात्र रोज ताजा ट्यूना, शिवाय जायफळ घातलेलं माशाचं आंबटसर पाणीदार कालवण.

मंगळवार, गुनुंग अपी

पहाटे चढले. वाट म्हणजे सरळ उभी घसरण. एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. सूर्य वर यायच्या आत उतरावं, वर सावली नाही. माथ्यावर जमिनीतून गरम वाफ येते. बाकी सह्याद्रीत फिरलेल्याला यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी मजा पायथ्याशी. मे १९८८मध्ये याचा उद्रेक झाला आणि लाव्हा थेट समुद्रात उतरला. होतं ते प्रवाळ मेलं. मग त्या थंड झालेल्या काळ्या दगडावर नवं प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढलं की शास्त्रज्ञ बघायला आले. मी मुखवटा लावून तोंड पाण्यात घातलं. जेवणाच्या टेबलाएवढ्या प्रवाळाच्या थाळ्या, एकीवर एक. त्यांच्या खाली दबकून बसलेले मासे. दगडाच्या भेगांतून मधूनच ऊन पाण्याची झुळूक लागते, ती पहिल्यांदा लागली तेव्हा मी पटकन पाय आखडले.

बुधवार आणि गुरुवार, आय व रन

बाहेरच्या बेटांचं गणित असं: तिथली माणसं सकाळी बाजाराला नेऱ्याला येतात आणि दुपारी परततात. आपण त्यांच्याबरोबर दुपारी जायचं. म्हणजे तिथे एक रात्र तरी राहणं आलंच. स्वतंत्र होडी ठरवता येते, पण एकटीला ती परवडत नाही आणि बाजाराच्या होडीतली मजाही जाते. माझ्या होडीत सिमेंट, अंडी, दोन पेट्या थंड पेय आणि शाळेचे मास्तर होते.

आय तासाभरावर. किनाऱ्याला लागून प्रवाळ, त्याला लागूनच खाली निळा-काळा कडा. पोहत पन्नास हात गेलं की तळ नाहीसा होतो. मला पोहता येतं, तरी त्या काठावर पोटात गोळा आला. गावाच्या मधोमध फोर्ट रिव्हेंजचे बुरुज, आत भाजीचे वाफे. बेटावर गोड पाण्याचे झरे नाहीत. प्रत्येक घराला पन्हळ आणि हौद, पावसाचं पाणी वर्षभर पुरवतात. अंघोळीला मला एक बादली मिळाली आणि ती पुरली.

रन आणखी पश्चिमेला. लांबी तीन किलोमीटर, रुंदी एकापेक्षाही कमी. याच बेटाची गोष्ट सगळे सांगतात: इंग्रजांनी हे डचांना दिलं आणि बदल्यात मॅनहॅटन घेतलं. गोष्ट चटपटीत आहे, पण झालं ते थोडं वेगळं. नॅथनिएल कोर्थोप नावाचा इंग्रज १६१६च्या शेवटी मूठभर माणसांनिशी इथे उतरला आणि डचांच्या वेढ्यात जवळजवळ चार वर्षं टिकला. १६२०मध्ये रात्री होडीतून येत असताना मारला गेला. मग डचांनी बेटावरची जायफळाची झाडंच तोडून टाकली, म्हणजे भांडणाचं कारणच मुळापासून संपलं. पुढे १६६४मध्ये इंग्रजांनी मॅनहॅटन बळकावलं, आणि १६६७च्या ब्रेडाच्या तहात ठरलं ते एवढंच, की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहावं. सौदा कोणी केला नाही. दोघांनीही गिळलेलं पचवलं.

रनवर वीज दिवस मावळल्यावर येते आणि काही तासांनी जाते. ती आली की गल्लीतून एकदम भोंगे, टीव्ही, मिक्सर, सगळं सुरू. मी राहिले त्या घरातल्या आजोबांना मॅनहॅटनची गोष्ट पाठ होती. बहुधा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ती ऐकवतात. शेवटी म्हणाले, "तिकडे जायफळ होतं का? नाही ना? मग?" आणि पान खाल्ल्यासारखं लाल हसले, कारण पानच खाल्लं होतं.

रात्री पाऊस झाला. सगळं घर झोपेतून उठून पन्हळींखाली भांडी लावायला धावलं, मीही. घरचा मुलगा अंधारात ओरडून कुठलं भांडं भरलं ते सांगत होता, त्याची आई बदलत होती. सकाळी मला बादली दोन मिळाल्या.

भरती ओसरली की रनच्या टोकाशी नैलाका या चिमुकल्या बेटाभोवतीची पांढरी वाळू उघडी पडते. फोटोत लोक दाखवतात ते हे. सुंदर आहे. सावली अजिबात नाही. तासाभरात परत फिरले.

शनिवार, हत्ता

पूर्वेचं हे बेट. पूर्वी रोझेन्गाइन, आता हत्तांच्या नावाने. शाहरीरांच्या नावाचंही एक आहे, नेऱ्याच्या जवळ. इथे मी दिवसभर पाण्यात होते आणि लिहिण्यासारखं पाण्यावर काही घडलं नाही. पाण्याखाली: कासवं, एका कमानीतून आरपार जाणारे निळ्या माशांचे थवे, आणि कड्याच्या खाली अगदी दूर, हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कची एक सावली. होडीवाला म्हणाला तीच होती. मी मान्य केलं.

सोमवार, नेऱ्याच्या धक्क्यावर

जलद बोट काल निघणार होती. वारं पडलं नाही, बोट निघाली नाही. धक्क्यावर रोज सकाळी माणसं जमतात, समुद्राकडे बघतात, एखादा जुना नावाडी 'नाही' म्हणतो आणि सगळे घरी जातात. कोणी चिडत नाही. अंबोनच्या दवाखान्यात जायचं असलेली एक गरोदर बाई होती, तीही पिशवी उचलून शांतपणे परतली. मला मात्र वाटलं, एके काळी ज्या बेटांसाठी अर्धं युरोप एकमेकांच्या नरडीला लागलं, तिथल्या बाईला डॉक्टर गाठायला वारा पडायची वाट बघावी लागते. जायफळ जगभर लागल्यावर जहाजांना इकडे यायचं कारण उरलं नाही. १७७०च्या सुमारास फ्रेंचांनी रोपं मॉरिशसला नेली. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात बेटं इंग्रजांकडे होती तेव्हा त्यांनीही नेली, पेनांगला, लंकेला, पुढे ग्रेनाडालाही पोचली.

मामाची फर्माईश होती 'तिथलं मूळ बी आण'. परदेशातून बी-रोपं परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय भारतात आणता येत नाहीत, हे त्याला फोनवर दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "डचांसारखंच बोलतेस." इबूने मुरंब्याच्या बरण्या केळीच्या सोपटात गुंडाळून दिल्या.

जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधल्या दोन्ही वाऱ्यांच्या हंगामांत समुद्र उठलेला असतो. भारतीयांना इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो, तीस दिवसांचा, पाच लाख रुपिया. रोख सगळी अंबोनहून. आधी जहाजाचं महिन्याचं वेळापत्रक बघायचं, मग मुंबईचं परतीचं विमान, आणि दोहोंच्या मध्ये मोकळे दिवस सोडायचे. एकट्या बाईला राहायला, फिरायला अडचण आली नाही. गावात खांदे झाकणारे कपडे घालावेत, पोहताना टीशर्ट असावा, बायका तशाच पोहतात. पाणी साठवलेलं असतं, तेव्हा अंघोळीला बादली एकच धरून चला. आणि दिवस कमी असतील तर रन गाळा, आय गाळू नका.